वर्षभराच्या शर्यतीत पहिले कोण?

एका शर्यतीत पहिले कोण आले हे सांगण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. शेवटच्या रेषेवर जो आधी पोहोचला तो पहिला. लहान मूलही सांगेल. परंतु एखाद्या प्रांतात वर्षभर गावोगावी रस्त्यावरच्या शर्यती होत राहिल्या, कोणी त्यांतल्या चार धावले, कोणी दहा. एक शर्यत पाच किलोमीटरांची, दुसरी बेचाळीसची. एक चढाची, एक उताराची. आणि वर्ष सरताना कोणी विचारले की, या सबंध प्रांतात यंदा पहिले कोण, दुसरे कोण, तिसरे कोण, तर भल्याभल्यांची मती गुंग होते. माणसांनी या प्रश्नाचा उलगडा कसकसा केला आणि त्यात कोणाचे नावच गाळले गेले, ती हकिगत मला येथे सांगावयाची आहे.

मी सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी मला येत नाही. पण माझी पुतणी अमेरिकेत बॉस्टन शहराजवळ राहते आणि तिकडच्या शर्यतींत धावते. सुट्टीत आली की ती सांगते आणि मी विचारत बसते. उरलेले माझा मुलगा वाचून मराठीत समजावतो. त्यातच आपल्या मंडळाने यंदा जुलैपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तळ्याभोवती धावण्याची शर्यत ठेवली, आणि वर्षअखेरीचे क्रमांक लावताना काय काय झाले ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा हा विषय आता केवळ परदेशातला राहिलेला नाही.

प्रथम रस्त्याचे घेते. आपण वाण्याकडे गेलो तर आधी मापाकडे पाहतो. मापात पाप असेल तर पुढचा सगळा हिशेब व्यर्थ. शर्यतीचेही तसेच आहे. मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर प्रथम १९०८ च्या लंडन ऑलिंपिकात धरले गेले आणि १९२१ मध्ये कायम झाले. या दोन सालांच्या मधे १९२० साली बेल्जममधील अँटवर्पला ऑलिंपिक झाले, आणि त्यात आपल्या बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धेत अनवाणी धावणारी मुले पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात आले की, यांना ऑलिंपिकला का पाठवू नये? त्यातून जी तुकडी गेली, तीत चौगुले होते. ते १९ वे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. आता आजच्या कोणा मुलाने हीच वेळ घेतली तर दोघे बरोबरीचे का? नाही. कारण अँटवर्पचा रस्ता होता ४२ किलोमीटर ७५० मीटर. ऑलिंपिकमधली सर्वांत लांब मॅरेथॉन तीच. चौगुले साडेपाचशे मीटर जास्त धावले. त्यांच्या त्या दिवसाच्या वेगाने मी हिशेब करून पाहिला, तर या जादा अंतराचीच सव्वादोन मिनिटे होतात. कागदावर ती कोठेच दिसत नाहीत.

उलट बाजूचीही उदाहरणे आहेत. बॉस्टनची मॅरेथॉन १८९७ पासून चालू आहे, म्हणजे मोठी मानाची. पण १९५६ पर्यंतच्या काही वर्षांत रस्त्याच्या कामामुळे तिची वाट सुमारे एक किलोमीटरने आखूड झाली होती. त्या वर्षांतल्या वेळा इतर वर्षांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. १९८१ साली न्यूयॉर्कला आल्बर्टो सालाझार या पुरुषाने आणि न्यूझीलंडच्या ॲलिसन रो या बाईने, दोघांनीही जगातली सर्वांत कमी वेळ घेतली म्हणून जयजयकार झाला. पुढे रस्ता फिरून मोजला तर तो दीडशे मीटरच्या आसपास कमी भरला. दोघांचेही उच्चांक गेले. त्या दोघांनी काय कमी मेहनत घेतली होती? पण माप चुकले ते चुकले.

हे माप नीट करण्याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्यांत टेड कॉर्बिट हे नाव पहिले. गुलामगिरीत राबलेल्यांच्या वंशातला हा माणूस, न्यूयॉर्कच्या धावपटूंच्या संघाचा पहिला अध्यक्ष, १९५२ चा ऑलिंपिक धावपटू. इंग्लंडमध्ये जॉन ज्युवेल यांनी सायकलच्या चाकाने रस्ता मोजण्याचा अभ्यास केला होता. त्यावरून कॉर्बिट यांनी १९६४ साली रस्ते कसे मोजावेत याची पुस्तिका लिहिली. पुढे १९७१ मध्ये ॲलन जोन्स नावाच्या इंजिनियराने आपल्या लहान मुलाच्या सोबतीने सायकलच्या पुढच्या चाकाला बसवायचे एक लहानसे मोजयंत्र केले. रीत मोठी गमतीची आहे. आधी पोलादी फितीने जमिनीवर एक अंतर आखायचे, त्यावरून सायकल नेऊन यंत्रात किती आकडे पडतात ते पाहायचे, मग शर्यतीचा रस्ता मोजायचा, आणि परत येऊन आखलेल्या अंतरावरून पुन्हा सायकल न्यायची. पुन्हा कशाला? तर ऊन चढले की टायरमधली हवा तापते आणि चाकाचा घेर बदलतो. एवढे करून वर दर हजार मीटरला एक मीटर जास्तच धरतात, म्हणजे रस्ता आखूड पडायला नको. मॅरेथॉनला हे ४२ मीटर होतात. आपली आजी भाकरीसाठी पीठ मोजून वर एक मूठ घालीत असे, त्याची मला आठवण झाली.

उताराचाही विचार करावा लागतो. बॉस्टनचा रस्ता एका गावी सुरू होऊन दुसरीकडे संपतो आणि सुरुवातीपेक्षा शेवट बराच खाली आहे. म्हणून २०११ साली केनियाच्या जेफ्री मुताई यांनी तेथे २ तास ३ मिनिटे २ सेकंद ही तोवरची सर्वांत कमी वेळ घेतली, तरी ती जागतिक विक्रमात धरली गेली नाही.

माप झाले. आता पाहणारा कोण? पूर्वी शेवटी दोऱ्या बांधून अरुंद वाट करीत, धावपटू एकामागून एक तीतून जात आणि त्यांच्या छातीवरच्या कागदाचा तुकडा फाडून क्रमाने ओवून ठेवीत. बॉस्टनच्या शंभराव्या शर्यतीत, १९९६ साली, ३५ हजारांहून अधिक लोक धावले, तेव्हा बुटाला बांधण्याची विजेची चकती आली. तत्पूर्वी १९८० मध्ये याच शर्यतीत रोझी रुइझ नावाची बाई बायकांत पहिली म्हणून जाहीर झाली, पुष्पमुकुट घालून तिचे फोटोही निघाले. पण वाटेत तिला कोणी पाहिलेच नव्हते! चौकशी होऊन तिचे नाव काढले आणि कॅनडाच्या जॅकलिन गारो यांना पहिला क्रमांक दिला. गारो यांना न्याय मिळाला खरा, पण टाळ्यांचा तो दिवस काही परत आला नाही.

आता मुख्य गुंतागुंत. बॉस्टनच्या भोवतालची सहा लहान राज्ये मिळून न्यू इंग्लंड म्हणतात. तेथे दर हंगामात निरनिराळ्या गावच्या काही शर्यती निवडून त्यांची एक मालिका करतात. पाच किलोमीटरांपासून मॅरेथॉनपर्यंत सर्व तऱ्हेची अंतरे तीत येतात. प्रत्येक शर्यतीत क्रमांकाप्रमाणे गुण, आणि वर्षअखेर बेरीज. अंतरे मुद्दाम वेगवेगळी ठेवतात, म्हणजे केवळ चपळ असणारा किंवा केवळ चिवट असणारा सगळेच गुण नेऊ शकत नाही. मालिकेतल्या सर्व शर्यती पुऱ्या करणारांचा मान वेगळा करतात; त्यांना लोखंडी धावपटू म्हणतात असे पुतणी सांगते.

जगातल्या मोठ्या मॅरेथॉनांचीही अशी मालिका २००६ पासून आहे. तीत पुढे पहिल्यास २५, दुसऱ्यास १६, तिसऱ्यास ९, चौथ्यास ४ आणि पाचव्यास १ गुण अशी रीत ठरली. पाचा पाचा, चारी चारी, तिना तिना, असा पाढाच आहे तो! पहिला येणे हे दुसरा येण्यापेक्षा फार मोठे, असे त्या पाढ्याचे म्हणणे. साध्या रीतीत पहिल्यास १०, दुसऱ्यास ९, तिसऱ्यास ८ असे उतरत जातात. तेथे पहिल्यादुसऱ्यात एकाच गुणाचे अंतर राहते.

याने काय फरक पडतो, असे समितीत एका भगिनीने विचारले होते. तर आपल्याच वहीतले उदाहरण घेते. आपल्यातल्या एक वहिनी सहाच्या सहा शर्यती धावल्या आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या आल्या. दुसरी एक नवी सून दोनच वेळा आली, पण दोन्ही वेळा पहिली. साध्या रीतीने वहिनींचे अठ्ठेचाळीस, सुनेचे वीस. सरासरी काढली तर वहिनींची आठ, सुनेची दहा. म्हणजे सून वर. बरे, कोणाला दुखणे येते, कोणाकडे पाहुणे येतात, म्हणून सहांतल्या उत्तम चारच धरू म्हटले, तर वहिनी बत्तीस, सून वीस, वहिनी वर. तेच पाढ्याच्या रीतीने उत्तम चार धरल्या तर वहिनी छत्तीस आणि सून पन्नास. आणि पाढ्याच्या रीतीने सहाही धरल्या तर वहिनी चोपन्न, सून पन्नासच! बायका त्याच, धावणे तेच. वही बदललेली नाही. फक्त रीत बदलली की पहिली बदलते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की रीत कोणतीही असो, ती पहिल्या शर्यतीच्या आधी फळ्यावर लिहिली पाहिजे. आपण ती डिसेंबर उलटल्यावर ठरवावयास बसलो, तेव्हा जी ती आपल्या माणसाला सोयीची रीत पुढे करू लागली. शेवटी साधे गुण व उत्तम चार असे ठरले, वहिनींना पहिला मान मिळाला. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोन घरांतल्या बायका एकमेकींकडे गेल्या नाहीत. बक्षीस काय, तर स्टीलचे पातेले! पातेल्यापायी कोणी रुसत नाही, हे मलाही कळते. ज्या बाईचे नाव रेशनकार्डाखेरीज कोठे छापून येत नाही, तिला या स्मरणिकेतल्या यादीतली जागा मोठी वाटते.

वयाचा प्रश्न थोडक्यात सांगते. साठीच्या काकूंनी वीस वर्षांच्या मुलीबरोबर धावून मागे राहायचे, हा काही न्याय नव्हे. त्यासाठी १९८९ साली प्रौढ धावपटूंच्या जागतिक संघाने कोष्टके काढली. त्या वयाच्या बाईने जगात घेतलेली उत्तम वेळ एका बाजूला, आपली वेळ दुसऱ्या बाजूला, आणि त्यांवरून शेकडा किती ते काढायचे. म्हणजे काकूंना शेकडा सत्तर आणि मुलीला साठ पडले, तर मागून येऊनही काकू वर. तथापि वय झाले म्हणजे कोष्टकाची दया हवीच असेही नाही. लंडन मॅरेथॉन १९८१ मध्ये सुरू झाली, तेव्हा बायकांत पहिल्या आल्या जॉइस स्मिथ. वय ४३, दोन मुलींची आई. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच पहिल्या आणि वेळ आधीपेक्षाही कमी.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला ते सांगते.

माप, साक्षीदार, गुण, वय, हे सगळे प्रश्न यादीत नाव आल्यानंतरचे. बायकांची नावे यादीत घेतच नसत. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकात बायका ८०० मीटर धावल्या, तर त्या कोसळल्या अशी तिखटमीठ लावलेली वर्णने वर्तमानपत्रांनी छापली आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद झाली. रस्त्यावरच्या लांब शर्यतींना तर अमेरिकेत बायकांना मज्जावच होता. १९६१ साली कनेटिकट राज्यात मँचेस्टर गावच्या शर्यतीत ज्युलिया चेस नावाची कॉलेजातली मुलगी धावली. आदल्या वर्षी तिला परत पाठवले होते. धावली, पुरे केले, पण निकालात नाव नाही.

१९६६ साली बॉबी गिब या तेवीस वर्षांच्या मुलीने बॉस्टनच्या शर्यतीसाठी अर्ज केला. उत्तर आले की, इतके अंतर धावण्यास बायकांचे शरीर समर्थ नसते. ती कॅलिफोर्नियातून दिवसच्या दिवस बसमध्ये बसून माहेरी आली. वडिलांना पसंत नव्हते. आईने तिला मोटारीतून सुरुवातीच्या गावी नेऊन सोडले. (आईने सोडले, हे मला पुतणीकडून कळले तेव्हा मी तिला दोनदा विचारले.) भावाची अर्धी चड्डी, अंगात टोपीचा सदरा; झुडपात लपून राहिली आणि निम्मे पुरुष पुढे गेल्यावर त्यांच्यात मिसळली. बरोबरच्या पुरुषांनी ओळखले, पण त्यांनीच धीर दिला की रस्ता सर्वांचा आहे, तुला कोणी हाकलणार नाही. ३ तास २१ मिनिटे ४० सेकंदांत तिने शर्यत पुरी केली. धावणारांतले दोनतृतीयांश पुरुष तिच्या मागे होते. राज्याच्या गव्हर्नरांनी हात मिळवला. यादीत मात्र तिची जागा कोरी; छातीवर क्रमांक नव्हता ना!

पुढच्या वर्षी कॅथरिन स्विट्झर यांनी नावाची नुसती आद्याक्षरे लिहून क्रमांक मिळवला, २६१. बाई आहे हे ध्यानात येताच एका अधिकाऱ्याने भर शर्यतीत धावत येऊन तो क्रमांक ओढून काढण्याचा यत्न केला. तो फोटो जगभर गेला. त्या शेवटपर्यंत धावल्या. त्याच दिवशी गिबही धावल्या होत्या आणि त्यांच्या जवळजवळ तासभर आधी पोहोचल्या होत्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९६८ मध्ये पुन्हा गिब, आणि १९६९, १९७० व १९७१ अशी तीन वर्षे सारा मे बर्मन बायकांत सर्वांच्या पुढे. यादीत कोणीच नाही.

१९७२ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनने दार उघडले. आठ बायका धावल्या, आठहीजणींनी पुरे केले, नीना कुसिक पहिल्या. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कला नियम काढला की बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटे आधी वेगळे सुटावे. सहाजणी रेषेवर आल्या, बंदूक वाजली, आणि त्या खाली बसल्या! दहा मिनिटे बसून राहिल्या. पुरुषांची बंदूक वाजताच उठल्या आणि धावल्या. अधिकाऱ्यांनी त्यांच्या वेळेत ती दहा मिनिटे मिळवली. बसलेल्या बाईची दहा मिनिटे धावण्यात धरणारा हिशेब मी दुसरीकडे कोठे ऐकला नाही. पुढे हा नियमच गेला. १९८४ साली ऑलिंपिकात बायकांची पहिली मॅरेथॉन झाली, ती न्यू इंग्लंडच्याच मेन राज्यातल्या जोन बेनॉइट यांनी जिंकली.

आणि गिब? १९९६ च्या त्या शंभराव्या शर्यतीच्या वेळी बॉस्टनच्या संघाने जुन्या याद्या उघडल्या. १९६६ ते १९६८ गिब यांचे आणि १९६९ ते १९७१ बर्मन यांचे असे सहा विजय त्यांनी रीतसर नोंदले. तीस वर्षे कोरी असलेली जागा भरली. २०१६ मध्ये तेथे जिंकलेल्या इथिओपियाच्या अत्सेदे बायसा यांनी आपला चषक गिब यांच्या हाती दिला.

आता आपल्या वहीकडे पाहू. आपल्या चारपाच घरी धुणेभांडी करणारी एक बाई सहांपैकी तीन रविवारी आपल्याबरोबर धावली, पायांत साधी चप्पल घालून, आणि तिन्ही वेळा दुसरी आली. तिने मंडळाची वर्गणी भरलेली नाही म्हणून वहीत तिची नोंद नाही. तिच्या मागून आलेल्या सर्वजणी एकेक जागा वर सरकल्या आहेत. तिला धरले तर तिचे सत्तावीस गुण होतात. वहिनी एकतिसांवर उतरतात. पहिल्या त्याच राहतात, परंतु दुसरा क्रमांक या बाईचा. नियम नियम म्हणून काही भगिनींचा विरोध आहे, आणि वर्गणीचा नियम चांगलाच आहे, त्यावरच मंडळ चालते. पण शर्यतीच्या पत्रकावर 'वस्तीतील सर्व भगिनींसाठी' असे आपणच छापले होते. वर्गणीचे खाते वेगळे, शर्यतीचे वेगळे. माझे मत मी सभेत सांगितले, येथेही लिहून ठेवते: यादी छापण्याआधी तिचे नाव तीत यावे, मागाहून नको.

याच अमेरिकेतली आणखी एक हकिगत आहे. कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक नावाचा चौदा हजार फुटांहून उंच डोंगर आहे. त्याच्या माथ्यापर्यंत चढून परत उतरायची मॅरेथॉन असते. तेथे बायकांना आडकाठी नव्हती. १९५९ साली आर्लीन पायपर ही २९ वर्षांची बाई आपल्या व्यायामशाळेची जाहिरात व्हावी म्हणून ती शर्यत धावली. नऊ वर्षांची मुलगीही बरोबर होती, ती माथ्यापर्यंत चढली. आईने उतरून शर्यत पुरी केली. ९ तास १६ मिनिटे लागली. मग ती बाई घरी गेली, संसाराला लागली आणि धावण्याचे विसरली. पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, शर्यतीच्या चालकांनी शोध घेत तिला कॅलिफोर्नियात गाठले आणि सांगितले की, बाई, अमेरिकेत रीतसर मॅरेथॉन पुरी करणारी पहिली स्त्री तुम्ही आहात. तिला तोवर याची गंधवार्ताही नव्हती. १९५९ च्या निकालाच्या कागदावर तिचे नाव आणि वेळ लिहिलेली होती, म्हणून शोधणारांना ती सापडली.